पास, परत आणि तिसरा शिक्का

छापखान्यात तिला भिंगबाई म्हणत. खरं नाव हजेरीपत्रकात होतं आणि तिथंच राहायचं.

बावीस वर्षं ती एकाच टेबलाशी बसत होती. टेबलाला वर काच, काचेखाली दिवा. त्या काचेवर खाण्याच्या वस्तूंच्या पाकिटांचे छापील नमुने येऊन पडत: बिस्किटं, जॅम, सूपची पावडर, लहान मुलांचा खाऊ. समोरच्या खुर्चीवर तिची जोडीदारीण बसे. तिचा आवाज यंत्रं चालू असतानाही शेवटच्या खोलीपर्यंत पोचायचा, म्हणून ती रेडिओ. कंपनीने पाठवलेली मूळ प्रत रेडिओने मोठ्याने वाचायची आणि भिंगबाईने डोळ्याला भिंग लावून, नमुन्यावर बोट फिरवत, तेच शब्द शोधत जायचं. गव्हाचं पीठ, स्वल्पविराम, साखर, स्वल्पविराम, वनस्पती तेल, कंस सुरू, कंस बंद. एकटीने तपासायचं नाही, हा तिथला पहिला नियम. दुसरा नियम फोरमनने तिला कामाच्या पहिल्याच दिवशी सांगितला होता: अर्थ लावायचा नाही. अर्थ लागला की नजर घसरते, पुढचा शब्द डोळा आपल्या मनानेच वाचून टाकतो आणि चूक सुटते. म्हणून अवघड नमुना त्या दोघी खालून वर, शेवटच्या शब्दापासून पहिल्याकडे वाचत. अशा हजारो याद्या भिंगबाईच्या डोळ्यांखालून गेल्या होत्या आणि त्यांत काय लिहिलंय हे तिला विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. याचा तिला अभिमान होता.

तपासून झालं की शिक्का. हिरवा 'पास', लाल 'परत'. खणात तिसराही एक शिक्का पडलेला असे, 'चालेल' असा. रंगात उन्नीसबीस फरक पडला आणि गिऱ्हाइकाची हरकत नसली, तर फोरमनला विचारून तो मारायचा. भिंगबाईला तो शिक्का बघवत नसे. एक तर बरोबर असतं नाही तर चूक असते, मधलं हे काय, असं ती म्हणायची. त्याची मूठ तडकली होती आणि शाईची गादी वाळून पार कडक झाली होती.

घरी चौघं. नवरा लिफ्टदुरुस्तीच्या कामावर. सासरे चाळीस वर्षं बेकरीत भट्टीपुढे उभे राहून आता घरी बसलेले. आणि नऊ वर्षांची मुलगी, जिला सगळे बिट्टी म्हणत. बिट्टीच्या जेवणाची तोवर एकच तक्रार होती: तिला गाजर आवडत नसे. भाजीतला गाजराचा एकेक तुकडा ती शोधून काढायची आणि ताटाच्या कडेला मुंग्यांसारखी रांग लावून ठेवायची.

त्या वर्षी शाळा सुरू झाल्यावर बिट्टीचं पोट दुखायला लागलं. रोज नाही, पण आठवड्यातून दोन-तीन सकाळी. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, जीभ पाहिली, वजन केलं आणि काळजीचं काही नाही म्हणाले. औषध दिलं नाही. साधं, घरचं, ताजं द्या, म्हणाले. पाकिटातलं शक्यतो कमी करा.

भिंगबाई दवाखान्याच्या पायऱ्या उतरली ती या एका 'शक्यतो'शी भांडतच. शक्यतो म्हणजे किती? महिन्याला एक पाकीट की दिवसाला एक? कुठलं पाकीट? तांदूळही पाकिटातूनच येतात. परत वर जाऊन विचारावं असं तिला वाटलं, पण बाहेर पेशंटची रांग होती आणि आपल्याला वेडी समजतील अशी भीतीही होती. तिने मनाशी ठरवलं, आपल्याला तपासता तर येतं. तपासू या.

रविवारी सकाळी तिने स्वयंपाकघरातली सगळी फडताळं रिकामी केली. डबे, बाटल्या, पाकिटं जेवणाच्या टेबलावर मांडली. भिंग पर्समध्ये होतंच. पण एकटीने तपासायचं नाही. नवरा कामावर गेला होता, सासऱ्यांना चष्म्यातूनही बारीक दिसत नव्हतं. तिने बिट्टीला समोर बसवलं आणि वाचायला सांगितलं.

बिट्टीला हा खेळ फारच आवडला. ती पाय हलवत, खणखणीत आवाजात, स्वल्पविराम आणि कंसांसकट वाचू लागली. भिंगबाई बोट फिरवू लागली आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा अर्थ लावू लागली. तो लागेना. अर्ध्या गोष्टींना नावं होती, अर्ध्यांना नुसते आकडे. मिठाच्या पुडीवरही मिठाखेरीज काहीतरी लिहिलं होतं. जॅमच्या बाटलीवर मोठ्या अक्षरात 'नैसर्गिक' आणि बाजूला एक पान. ते पान तिच्या चांगलंच लक्षात होतं. पुरेसं हिरवं नाही म्हणून कंपनीने तो नमुना दोनदा माघारी पाठवला होता, आणि तिसऱ्या वेळी तिनेच पास केला होता. बाटलीत काय आहे याची चौकशी त्या सगळ्या प्रकारात कुणीच केली नव्हती. तिनेही नाही.

"पास की परत?" बिट्टीने विचारलं.

भिंगबाई पानावर बोट ठेवून म्हणाली, परत.

दुपारपर्यंत टेबलावर दोन ढीग झाले. पासच्या ढिगात तांदूळ, डाळ, मध आणि चहा. त्यातही मध नक्की पास की नाही यावर दोघींचं एकमत झालं नव्हतं. परतचा ढीग टेबलावरून खाली ओघळत होता. सासरे चहाला आले, त्यांनी दोन्ही ढिगांकडे पाहिलं, लाल ढिगातली बिस्किटं उचलली आणि आपल्या कपाटात बनियनच्या घडीमागे ठेवून आले. संध्याकाळी नवरा आला आणि दारातच थांबला. या घरात माणसं राहतात की पाकिटं, असं त्याने विचारलं. पाकिटं चालली, असं बिट्टीने सांगितलं.

मग तीन महिने भिंगबाई गोंधळत राहिली. लोकांना वाटतं की असं काही ठरवलेल्या बाईला सगळं ठाऊक असतं. तिला रोज आदल्या दिवसापेक्षा कमी कळत होतं. रेडिओ म्हणाली, पांढरं म्हणून जे जे आहे ते वाईट. मग भाताचं काय, असं विचारलं तर म्हणाली, भात वेगळा. शेजारीण म्हणाली, फळं सालीसकट खा, सगळं सत्त्व सालीतच. फळवाला म्हणाला, ताई, साल काढूनच द्या मुलीला, वर काय फवारतात आम्हाला तरी कुठं कळतं. एका संध्याकाळी ती ओट्यापाशी सफरचंद आणि सुरी घेऊन बराच वेळ उभी राहिली आणि शेवटी तिने ते अर्धं सोललं. नवऱ्याने ते उचलून उलटसुलट पाहिलं आणि याची हजामत मध्येच का सोडली, असं विचारलं. ती हसली नाही. मग त्यालाही वाईट वाटलं. तो आपल्या परीने समजवायला गेला. लिफ्टमध्ये पाटी दहा माणसांची असते, म्हणाला, पण दोर त्याहून कितीतरी जास्त वजनाचा असतो. माणसाचं पोटही तसंच असणार. त्यावर तिने विचारलं, मग पाटी लावताच कशाला.

पाव ती घरी करायला लागली. पहिले चार पाव दगड झाले. सासरे खुर्चीत बसून पाहत होते. पाचव्या वेळी उठले, कणकेत बोट खुपसलं आणि म्हणाले, "सूनबाई, घड्याळाकडे काय बघता, हिच्याकडे बघा. ही फुगली की झालं." किती वेळात फुगेल, हे तिने विचारलं. ते म्हणाले, जेवढा लागेल तेवढा. तिला रडूच यायचं बाकी होतं. सगळ्यांनी मिळून तिला शक्यतो, जेवढं, थोडंसं असे शब्द द्यायचे ठरवलं होतं जणू.

पाव मात्र जमू लागला. आणि बिट्टीचं पोट दुखायचं थांबलं. भिंगबाईने भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर पाहिलं: सलग पाच आठवडे पोटदुखीची फुली नाही. बिट्टी आता ताटात येईल ते निमूट खायची. गाजरसुद्धा. गाजर पास होतं, म्हणून ती ते न चावता पाण्याच्या घोटाबरोबर गिळून टाकायची. रांग लावणं बंद झालं होतं. भिंगबाईला हे लक्षात आलं तेव्हा बरं वाटलं. काहीतरी चुकल्यासारखंही वाटलं, पण काय, ते सापडेना.

ते सापडलं वर्गशिक्षिकेने बोलावलं तेव्हा. बाई चांगल्या होत्या, आधी खुर्ची दिली, पाणी दिलं. मग सांगितलं की एका मुलीच्या वाढदिवसाला बिट्टीने केक हातात घेण्याआधी त्याचं खोकं मागितलं. खोकं तिने सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं, कंसांसकट, आणि परत असं जाहीर केलं. आणखी दोघींनी केक टाकून दिला. त्या घरच्या आईने चिडून फोन केला होता. पण बोलावलं ते त्यासाठी नाही, बाई म्हणाल्या. बिट्टी दोन-अडीच आठवडे डबाच खात नाही. शेजारच्या मुलीला देते.

डबा घरी रिकामा येत होता. भिंगबाई तो रोज घासत होती.

घरी आल्यावर तिने बिट्टीला जवळ घेऊन विचारलं. बिट्टी उठून स्वयंपाकघरात गेली आणि पिठाची रिकामी पिशवी घेऊन आली, त्याच पिठाची, ज्याचा पाव रोज डब्यात जात होता. पिशवी तिने जपून ठेवली होती. शिवणीखाली, दुमडलेल्या भागात, आणखी दोन ओळी होत्या.

"तू वरचं वाचलंस फक्त," बिट्टी म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. रेडिओ चूक दाखवताना बोलते, तसंच ती बोलली.

डॉक्टरांकडे वजन दीड किलोने कमी निघालं. नऊ वर्षांच्या मुलीचं वजन वाढायचं असतं, ते म्हणाले. पंधरा दिवसांत काटा वर सरकला नाही, तर हिला दाखल करून तपासण्या कराव्या लागतील. भिंगबाईने विचारलं, मग पोट दुखायचं थांबलं ते कशाने? खाणं बदलल्याने की नाही? डॉक्टर म्हणाले, असेल त्याने. आपोआपही थांबलं असतं कदाचित, सांगता येत नाही. "मी शक्यतो म्हणालो होतो," ते चष्मा पुसत म्हणाले. "आता आधी तिला जेवू द्या."

सोपं होतं. घरी येताना वाटेत तिने बिस्किटं घेतली, जॅम घेतला, सगळं फडताळात पूर्वीच्या जागी लावलं. सासऱ्यांनीही बनियनमागचा माल आणून ओट्यावर ठेवला, त्यातलं एक पाकीट फुटलेलं. बिट्टी टेबलाशी बसून बघत होती. तिला आईने बिस्किट दिलं. तिने ते घेतलं नाही.

"हे परत होतं ना?"

भिंगबाई म्हणाली, होतं. आता चालतं.

"काय दुरुस्त केलं?"

हा प्रश्न छापखान्यातला होता. परत गेलेला नमुना पुन्हा टेबलावर आला की पहिला हाच प्रश्न विचारायचा, आणि काही दुरुस्त झालेलं नसेल तर भिंग उचलायचंही नाही. तिनेच कधीतरी हे कौतुकाने सांगितलं होतं. भिंगबाई बिस्किट हातात धरून उभी राहिली. काहीच दुरुस्त झालं नव्हतं. बिस्किट तेच होतं.

पुढचे आठ दिवस तिने सगळं करून पाहिलं. समजावलं, रागावली, एकदा चमचा हातात घेऊन भरवायला गेली आणि बिट्टीने ओठ घट्ट मिटले. नवरा बाहेरून काय काय घेऊन यायचा आणि ते टेबलावर तसंच सुकायचं. बिट्टी भात खायची, चार घास, मध खायची चमचाभर. बाकी सगळ्याला तिचे प्रश्न होते. नवव्या दिवशी भिंगबाईने बाजारातून स्वतः निवडून भाज्या आणल्या आणि घट्टसर सूप केलं. पाकीट नाही, बाटली नाही. वाडगा पुढे ठेवला.

बिट्टी म्हणाली, वाच.

आईने काय काय घातलं ते म्हणून दाखवलं. बिट्टी हवेत बोट सरकवत होती. गाजरापाशी बोट थांबलं. गाजर कुठलं? बाजारातलं. बाजारात कुठून आलं? भिंगबाई म्हणाली, शेतातून. कुठल्या शेतातून? त्यांनी त्यावर काय घातलं?

"माहीत नाही," भिंगबाई म्हणाली.

"मग परत," बिट्टी म्हणाली आणि वाडगा हळूच, न सांडता, आईकडे सरकवला.

इतकी चोख तपासनीस तिने उभ्या जन्मात पाहिली नव्हती. रेडिओ हिच्यापुढे काहीच नाही, हे तिच्या मनात आलं आणि त्याच क्षणी तिने दिनदर्शिकेकडे पाहिलं. सहा दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी तिचं कामात लक्ष नव्हतं. सूपच्या पावडरीचा नमुना आला, हिरवा पाला छापलेला, आणि पाल्याचा रंग अंमळ पिवळट उतरला होता. तिने सवयीने लाल शिक्का उचलला. फोरमन मागे उभा होता. गिऱ्हाइकाला फोन झालाय, म्हणाला, तिसरा मार. ती म्हणाली, रंग चुकलाय, साहेब, मला दिसतोय. फोरमनने तिच्या हातातलं भिंग काढून घेतलं आणि टेबलावर पालथं ठेवलं. मग तो नमुना तिच्या हातात देऊन म्हणाला, हात लांब कर. पूर्ण. ताठ.

तिने हात लांब केला.

"दुकानात बाई एवढ्या लांबून बघते. दिसतंय का काही?"

ती बराच वेळ पाहत राहिली. पाला दिसत होता. हिरवा होता. पिवळट होता हे तिला माहीत होतं, पण दिसत नव्हतं. तिने विचारलं, पण म्हणजे बरोबर आहे का हे? फोरमन म्हणाला, बरोबर कुठं म्हणतोय मी. आणि निघून गेला. रेडिओने खणातून शिक्का काढला, वाळलेल्या गादीवर पाण्याचे चार थेंब टाकले आणि तिच्या हातात दिला. उमटला तो फिक्का, पण वाचता येत होता.

त्या संध्याकाळी तिने पुन्हा तेच सूप केलं, त्याच भाज्यांचं. सासरे टेबलाशी बसले होते, नवरा हात धूत होता. बिट्टीने वाडग्याकडे पाहिलं, मग आईकडे.

भिंगबाई म्हणाली, तिसरा शिक्का असतो एक.

बिट्टीने तोंड वर केलं. आजवर दोनच सांगितले होते. कसला तिसरा, हे तिने विचारलं. चालेल असा, आई म्हणाली. तू आधी का नाही सांगितलंस, हा पुढचा प्रश्न, आणि त्यात पहिल्यांदा थोडा राग होता.

"मला आवडत नाही तो," भिंगबाई म्हणाली. "तो कधी मारायचा हे मला अजून नीट कळत नाही. पण असतो. खणात असतो."

मग तिने कसं बघायचं ते दाखवलं. भिंग नाही, वाचायचं नाही. हात लांब करायचा, पूर्ण, ताठ. बिट्टीने वाडगा दोन्ही हातांत घेतला आणि एक डोळा मिटून लांब धरला. थोडं सूप आजोबांच्या बाहीवर सांडलं. आजोबांनी बाही पुसली नाही. नवरा ओला हात तसाच हवेत धरून उभा होता.

दिसतंय काही? आईने विचारलं.

"सूप दिसतंय," बिट्टी म्हणाली.

तिने वाडगा खाली ठेवला आणि चमचा उचलला. पहिला घास घेतला. थांबली. बिट्टीने तोंडात बोटं घालून काहीतरी बाहेर काढलं, वाडग्याच्या कडेला ठेवलं आणि दुसरा घास घेतला. मग आणखी एक. कडेला दुसरा तुकडा आला, तिसरा आला, रांग होऊ लागली.

"गाजर का काढतेस?" भिंगबाईने विचारलं. "त्यात काय आहे?"

"काही नाही," बिट्टी खाता खाता म्हणाली. "मला आवडत नाही."

भिंगबाई त्या रांगेकडे पाहत राहिली. रागवावं की काय करावं हे तिला कळेना. गाजर चांगलं असतं, सगळे म्हणतात; निदान बहुतेक जण म्हणतात. तिने एक तुकडा उचलून तोंडात टाकला. तो नीट शिजला नव्हता.